लिंबू रिमोटला, डोळ्याला फक्त पाणी

टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की पहिला उपाय घरोघरी ठरलेला असतो. तो तळहातावर दोनदा आपटायचा. दुसरा उपाय म्हणजे मागचे झाकण उघडून सेल जागच्या जागी गोल फिरवायचे. तिसऱ्या खेपेला सेल बाहेर काढले जातात आणि तेव्हा दिसते, की स्प्रिंगवर पांढरी, बुरशीसारखी पूड साचली आहे किंवा कप्प्यात तपकिरी, चिकट ओल पसरली आहे. मग कोणी त्यावर फुंकर मारतो, कोणी नखाने खरवडतो, कोणी भाजीची सुरी आणतो. हात पायजम्याला पुसले जातात, नवे सेल बसतात आणि मालिका पुढे सुरू होते.

बहुतेक वेळा यातून काहीच बिघडत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. वाळलेली चिमूटभर पूड बोटाला लागली आणि हात साबणाने स्वच्छ धुतला, तर दवाखाना गाठण्याचे कारण नाही. अडचण वेगळी आहे. या पुडीवर लिंबू किंवा व्हिनेगर लावावे हा सल्ला आता सर्वांना ठाऊक झाला आहे. धातूसाठी तो बरोबर असल्याने तोच त्वचेला आणि डोळ्यालाही चालत असेल, असे सहज वाटते. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, हे शाळेत शिकलेले वाक्य स्प्रिंगपुरते खरे आहे. डोळ्याच्या बाबतीत त्याचा आधार घेणारा माणूस नजर गमावू शकतो.

शिवाय लिंबाचा सल्ला धातूसाठीही अर्धाच आहे, कारण तो सगळ्या सेलना लागू नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पेन्सिल सेलपैकी बहुतांश आजही झिंक-कार्बन प्रकारचे असतात. स्वस्त, आणि घड्याळ, रिमोट, टॉर्च यांना पुरणारे. या सेलचे बाहेरचे जस्ताचे भांडे हेच त्याचे ऋण टोक असते. वीज देता देता ते भांडेच आतून झिजत जाते. घराच्या भिंतीच सरपण म्हणून जाळाव्यात तसा हा प्रकार. शेवटी भांड्याला भोक पडते आणि अमोनियम क्लोराईड किंवा झिंक क्लोराईडचा ओलसर लगदा बाहेर येतो. हा लगदा आम्लधर्मी असतो. मांडणी फार जुनी आहे. जॉर्ज लक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने १८६६ मध्ये त्याचा ओला अवतार तयार केला आणि कार्ल गास्नर या जर्मन गृहस्थाने १८८०च्या दशकात तो कोरडा करून दाखवला. गास्नर पेशाने डॉक्टर होता, हे जाता जाता.

दुसरा प्रकार अल्कलाईन. हा महाग, जास्त टिकणारा. डिजिटल रक्तदाबयंत्र, कॅमेरा, मुलांची मोटार यांना तो लागतो. यात पोटॅशियम हायड्रॉक्साईडचे तीव्र द्रावण असते, साधारण ३० ते ४० टक्के. बाहेरचे भांडे पोलादाचे, जस्त पुडीच्या रूपात आत. सेल संपला किंवा नुसता पडून राहिला, तरी आत जस्ताची पाण्याशी संथ प्रक्रिया चालू राहते, हायड्रोजन वायू साचतो, दाब वाढतो आणि बुडाचे सील फाटते. पूर्वी हा वायू रोखण्यासाठी सेलमध्ये थोडा पारा घालत. पारा माती-पाण्यात जाऊ नये म्हणून १९९०च्या दशकात तो काढण्यात आला. अमेरिकेने १९९६ मध्ये त्यासाठी कायदाच केला. तो निर्णय योग्यच होता. सेलमधून झिरपणारा द्रव हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषून घेतो आणि त्याचे पोटॅशियम कार्बोनेट होते. हीच ती पांढरी पूड. ती वाळलेली असेल तर त्रास कमी, पण तिच्याखाली अजून ओल असेल तर ती ओल म्हणजे तीव्र अल्कली असते.

कोणता सेल आहे ते ओळखण्यासाठी वेष्टणावरची बारीक अक्षरे वाचावी लागतात. पेन्सिल सेलवर ‘एलआर ६’ किंवा ‘एलआर ०३’ असे छापलेले असेल तर तो अल्कलाईन. नुसते ‘आर ६’ किंवा ‘आर ०३’ असेल तर झिंक-कार्बन. सगळा भेद ‘एल’ या एका इंग्रजी अक्षरात आहे, आणि ते अक्षर चष्मा लावूनही नीट दिसत नाही.

अल्कलाईन सेलची घाण असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस; व्हिनेगर जास्त चांगले, कारण लिंबातला गर आणि साखर मागे राहते. झिंक-कार्बनची असेल तर खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून. तिथे लिंबू लावणे म्हणजे आम्लावर आम्ल. प्रकार ओळखताच आला नाही, तर पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला कापूस दोन्हीकडे चालतो, कारण ही रसायने बरीचशी पाण्यात विरघळतात.

काम खिडकीपाशी, वर्तमानपत्र पसरून करावे. हातात भांडी घासण्याचे रबरी मोजे, तेही नसतील तर प्लास्टिकची पिशवी. डोळ्यांवर चष्मा, नंबरचा असला तरी चालेल. उपकरण चेहऱ्यापासून दूर, कप्पा खाली करून धरावे म्हणजे सेल सुटताना उडालेला थेंब कागदावर पडेल. फुंकर कधीही मारू नये. फुंकरीने उडालेली पूड सर्वात आधी मारणाऱ्याच्याच डोळ्यात जाते. अडकलेला सेल सुरीने उचकटू नये, सुरी सेलच्या आवरणात घुसते. पूड जुन्या टूथब्रशने झाडावी. मग कापसाची काडी व्हिनेगरमध्ये बुडवून स्प्रिंगवर आणि समोरच्या पत्रीवर फिरवावी. बारीक फेस येईल, तो कार्बन डायऑक्साईड. फेस थांबेपर्यंत काड्या बदलत राहावे. व्हिनेगर कप्प्यात ओतायचे नाही. ते आत सर्किटपर्यंत गेले तर गळलेल्या सेलने केले नसते तेवढे नुकसान करते. शेवटी पाण्याची ओलसर काडी, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळाले तर त्याची एक. तासभर वाळू द्यावे. पत्री हिरवी किंवा काळी झाली असेल तर पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा, पण वरचा निकेलचा थर निघाला की पत्री पुढच्या पावसाळ्यात गंजणार हे धरून चालावे. कोकणात आणि मुंबईत तर नक्कीच.

एवढी खटपट प्रत्येक वस्तूसाठी करण्यात अर्थ नाही. शंभर-दीडशे रुपयांच्या रिमोटच्या सर्किटवर घाण पसरली असेल तर तो टाकून द्यावा. रक्तदाबयंत्र, ग्लुकोमीटर आणि थर्मामीटर यांचे मात्र तसे नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्यांचा डोस या यंत्रांच्या आकड्यांवर ठरतो. पट्टा अर्धा फुगून यंत्र बंद पडते, घरचे म्हणतात ‘मशीन बिघडले’, आणि महिनोन्‌महिने रक्तदाब मोजलाच जात नाही. अशा कितीतरी ‘बिघडलेल्या’ यंत्रांत दोष फक्त स्प्रिंगवरच्या पुडीचा असतो. साफ केल्यावर मात्र यंत्र एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्राशी आकडे ताडून पाहावेत.

आता शरीराविषयी. आम्ल आणि अल्कली दोन्ही जाळतात, पण त्यांची जाळण्याची रीत निराळी. आम्ल लागले की ऊतीतली प्रथिने गोठतात आणि त्या गोठलेल्या थरामुळे आम्लाला पुढे शिरायला काहीशी आडकाठी होते. अल्कली असा थर होऊ देत नाही. ती पेशींच्या आवरणातल्या चरबीचा साबण करते आणि वाट काढत आत जाते. बोटाला लागल्यावर जो बुळबुळीत स्पर्श होतो, तो आपल्याच त्वचेचा साबण होत असल्याची खूण आहे. सुरुवातीला फारसे दुखतही नाही, म्हणून दुर्लक्ष होते. बोटाची गोष्ट सोपी आहे, कारण बोटाला जाड कातडी आहे. वाहत्या पाण्याखाली बुळबुळ जाईपर्यंत हात धरला की बहुधा भागते. डोळ्याच्या बुबुळावरची पारदर्शक पटले अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची असतात. त्यातून तीव्र अल्कली काही मिनिटांत आतल्या पोकळीत पोचू शकते.

तिथे लिंबू का नाही? एक तर आम्ल आणि अल्कलीची प्रक्रिया होताना उष्णता निर्माण होते. दुसरे, किती अल्कलीला किती आम्ल हे प्रयोगशाळेत मोजता येते, रडणाऱ्या माणसाच्या पापणीखाली नाही. जास्त झालेले आम्ल स्वतंत्रपणे जाळते. तिसरे कारण सगळ्यात महत्त्वाचे. लिंबू आणायला, चिरायला आणि पिळायला जी दोन मिनिटे जातात, त्याच दोन मिनिटांत पाण्याने बरेचसे काम केले असते.

पाणी म्हणजे नळाचे साधे पाणी. गुलाबपाणी नको, दूध नको, मध नको, एरंडेल नको, तूप तर नकोच. तेलकट पदार्थांनी रसायन धुतले जात नाही आणि दवाखान्यात डोळा तपासणेही अवघड होते. डोके बाधलेल्या डोळ्याच्या बाजूला कलते करून, बोटांनी पापण्या उघड्या धरून, नाकाकडून कानाकडे पाणी वाहते ठेवायचे. निदान २० ते ३० मिनिटे. घड्याळ लावून, कारण अशा वेळी पाच मिनिटेही अर्ध्या तासासारखी वाटतात. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढायची. ‘आधी दवाखाना की आधी पाणी’ हा प्रश्नच नाही. आधी पाणी, आणि शक्य असेल तर रिक्षातसुद्धा बाटलीने पाणी चालू. डोळ्याच्या डॉक्टरांकडे नंतर जायचेच आहे, डोळा बरा वाटला तरी.

डोळा लाल झाला नाही म्हणून निर्धास्त होणे, ही आणखी एक मोठी चूक. बुबुळाच्या कडेची पांढरीफटक पडलेली जागा हे वाईट लक्षण आहे. तिथल्या रक्तवाहिन्या जळून बंद पडलेल्या असतात आणि बुबुळाचा पृष्ठभाग पुन्हा घडवणाऱ्या पेशी त्याच कडेला राहतात. लालभडक, झोंबणारा डोळा कित्येकदा वाचतो. शांत, पांढरा डोळा फसवतो.

महाराष्ट्रात डोळ्यात अल्कली जाण्याच्या बाबतीत खरा गुन्हेगार सेल नव्हे, तंबाखूबरोबरचा चुना आहे. चुन्याची पुडी किंवा नळी लहान मुलाच्या हाती लागते, मूल ती दाबते आणि ती तोंडासमोर फुटते. चुनाही अल्कलीच, आणि त्याचे कण पापणीच्या आत चिकटून राहून तासन्‌तास जाळत राहतात. म्हणून तिथे धुण्याबरोबर पापणी उलटून कण काढावे लागतात. सेलसाठी शिकलेली पाण्याची सवय चुन्याच्या वेळीही कामाला येईल, आणि जास्त वेळा येईल. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पीएच मोजण्याच्या कागदी पट्ट्यांचा एक डबा हवा. डोळा धुऊन झाल्यावर खालच्या पापणीत पट्टी टेकवली की पीएच ७ ते ७.४च्या आसपास आला का, ते लगेच कळते. नसेल आला तर धुणे चालू ठेवायचे. लाखोंची यंत्रे खरेदी करणाऱ्या आरोग्य व्यवस्थेत ही स्वस्त पट्टी मात्र सहज राहून जाते.

इथवर सगळे गळलेल्या सेलविषयी झाले. मुलांच्या बाबतीत मात्र गळणे हा निकषच नाही. सर्वात घातक सेल दिसायला स्वच्छ, चकचकीत असतो. तो म्हणजे नाण्यासारखा बटण सेल, त्यातही ३ व्होल्टचा लिथियमचा ‘सीआर २०३२’, २० मिलिमीटर व्यासाचा. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, की त्याच्या दोन बाजूंमधून ओलसर ऊतीतून वीज वाहू लागते आणि ऋण बाजूला पाण्यापासून अल्कली तयार होते. सेल फुटलेला नसतो, आतले काहीही बाहेर आलेले नसते. शरीरातच अल्कलीचा कारखाना सुरू होतो. दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर भाजू शकते. पुढे भोक पडते, आणि शेजारच्या महाधमनीपर्यंत जखम पोचली तर मूल हाती लागत नाही. ‘संपलेला’ सेलही निर्धोक नसतो. रिमोट चालवायला पुरेशी नसलेली वीज ऊती जाळायला पुरते.

गिळताना कोणी पाहिले नसेल, तर लक्षणे साध्या आजारासारखीच असतात. लाळ गळते, मूल खायला नको म्हणते, खोकते, उलटी करते. एक्स-रेमध्ये गोल वस्तू दिसली की ‘नाणे आहे, पडून जाईल’ म्हणण्याआधी कडेला दुहेरी वर्तुळ दिसते का, हे पाहायलाच हवे. तसे दिसले तर तो सेल. उलटी करवू नये, केळे-भात भरवू नये, रात्र काढू नये. सेल नाकात किंवा कानात असेल तर थेंब घालू नयेत. ओलाव्याने जाळणे वाढते. एक अपवाद मात्र ठाऊक असावा. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळता येत असेल आणि सेल गेल्या १२ तासांतच गिळलेला असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर १० मिनिटांनी दोन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे १० मिलिलिटर मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. डोळ्याला नको म्हटलेला मध इथे चालतो, कारण सेल अल्कली बनवतच राहतो आणि दाट, किंचित आम्लधर्मी मध त्यावर लेप धरतो. डुकराच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत त्याने इजा कमी झाल्याचे २०१८ मध्ये दिसले. मध हा उपचार नाही. तो शोधण्यात पाच मिनिटेही घालवू नयेत.

हे बटण सेल घरात येतात कुठून? आजोबांच्या ग्लुकोमीटरमधून, वजनकाट्यातून, मोटारीच्या किल्लीतून, गाणे वाजवणाऱ्या शुभेच्छापत्रातून, आणि दिवाळीत डझनाने विकल्या जाणाऱ्या एलईडी पणत्यांमधून. या पणत्यांचे झाकण अनेकदा नखाने उघडते. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचे चिन्ह सक्तीचे झाले, हे चांगलेच झाले. पण कायद्याच्या दृष्टीने पणती हे खेळणे नाही, रिमोटही नाही. दोन वर्षांच्या मुलाला हा भेद कळत नाही. अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून बटण सेलवर चालणाऱ्या घरगुती वस्तूंचे कप्पे मुलांना उघडता न येणारे असावेत अशी सक्ती केली. तसेच इथेही व्हावे, आणि ते स्क्रूने बंद होणारे कप्पे पणत्यांपासून सुरू व्हावेत.

सेल गळूच नयेत यासाठी फार काही करावे लागत नाही, काही सवयी सोडाव्या लागतात. संपत आलेला सेल दातांनी चावून किंवा उन्हात तापवून दोन दिवस जास्त चालवण्याची कला अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. चावल्याने आधीच झिजलेले जस्त फाटते, आणि गळती थेट तोंडात. एक जुना आणि एक नवा सेल जोडीने घालणे, ही दुसरी सवय. जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून जबरदस्तीने वीज ढकलत राहतो, जुन्यात वायू साचतो आणि तो फुटतो. दोन्ही एकदम बदलावेत, एकाच प्रकारचे. गॅस गिझरचे मोठे सेल बहुतेक घरांत तो पेटेनासा होईपर्यंत कोणी पाहत नाही. वर्षातून एकदा सगळ्या उपकरणांचे कप्पे उघडून पाहायला खंडेनवमीइतका चांगला मुहूर्त नाही. हत्यारे-अवजारे त्या दिवशी पुसली जातातच. पावसाळ्यात कपाटात पडून राहणाऱ्या वस्तूंतले सेल काढूनच ठेवावेत.

आणि काढलेल्या सेलचे काय? एका पिढीने जुने सेल दगडाने फोडून आतल्या काळ्या पुडीने शाळेचे फळे रंगवले. आज ते ओल्या-सुक्या कचऱ्यात जातात आणि कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या उघड्या हाताला लागतात. २०१६च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्यांना घरगुती घातक कचरा म्हटले आणि दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावे असे शहरांना सांगितले. २००१चे बॅटरी नियम फक्त शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते. २०२२च्या नियमांनी लहान सेलही त्यात घेतले, ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आणि ग्राहकानेही ते वेगळे द्यावेत असे सांगितले. पण ज्या दुकानात सेल विकत मिळतो, तिथे जुना सेल परत घेणारा डबा सहसा दिसत नाही. तो डबा आधी औषधांच्या दुकानांत ठेवावा. रक्तदाबयंत्राचे सेल आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या घ्यायला लोक तिथे जातातच. आणि वेष्टणावर इंग्रजीतल्या त्या एका अक्षराऐवजी मराठीत दोन ओळी छापाव्यात: सेल कोणत्या प्रकारचा आहे, आणि डोळ्यात गेल्यास काय करायचे.

तोवर वापरलेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, बटण सेल पूर्ण गुंडाळून, ते घट्ट झाकणाच्या कोरड्या प्लास्टिकच्या बरणीत मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवावेत. पत्र्याचा डबा नको. त्यात टोके एकमेकांना टेकून सेल तापतात.